आपल्या वाट्याचा गोळा

"ताई, हा आत्ता इथेच खायचा. पेल्यात घालून घरी न्यायचा नाही हं!" रंगीत बर्फाचा भला मोठा डोंगर माझ्या हातात ठेवत धाकटी बहीण म्हणाली आणि आम्ही दोघी एकदम खळखळून हसलो. आमच्यासोबत आलेल्या आजींना काही कळेना. त्यांना सगळी गोष्ट सांगावी लागली.

लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत गोळेवाला यायचा. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, ती पात्यावर खर्र-खर्र घासून काढलेला कीस, मुठीत दाबून काडीवर बसवलेला गोळा आणि वर लाल, पिवळं, नाहीतर काळं पाणी. भाऊ तिथेच उभा राहून सुर्र-सुर्र आवाज करत गोळा चोखायचा. आम्हा दोघी बहिणींचे गोळे मात्र पेल्यात घालून घरी यायचे. "बाईच्या जातीनं रस्त्यात उभं राहून तोंड रंगवायचं नाही," हा आईचा नियम. घर जत्रेपासून पंधरा मिनिटांवर आणि दिवस चैत्रातले. घरी पोचेपर्यंत पेल्यात काय उरत असेल, ते मराठवाड्यातल्या मैत्रिणींना सांगायला नको. धाकटी रडायची, "दादाला गोळा आणि आम्हाला नुसतं पाणी!"

ही धाकटी आता हवाईला असते. तिचे यजमान होनोलुलूला विद्यापीठात आहेत. २०२३ च्या डिसेंबरात मी तिच्या बाळंतपणाला गेले होते. आई जाऊन चार वर्षं झाली, म्हणजे आता माहेर म्हणजे मीच. डिंकाचे लाडू, अळीव, खारकेची पूड असं सगळं बांधून मी बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाहून निघाले आणि आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे असलेल्या त्या बेटावर जाऊन पोचले. गेल्या गेल्या बाईसाहेबांनी डोहाळा सांगितला, "नववा लागायच्या आत मला हालेइवाला जाऊन शेव्ह आइस खायचाय."

शेव्ह आइस म्हणजे काय, तर किसलेला बर्फ! मनात म्हटलं, एवढ्या लांब येऊन गोळाच खायचा का?

हालेइवा हे ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं छोटंसं गाव. होनोलुलूहून मोटारीनं तासाभराचा रस्ता. वाटेत तांबडी माती, अननसाची शेतं आणि मग उतारावरून एकदम समोर येणारा निळा समुद्र. थंडीच्या दिवसांत तिथल्या लाटा घराएवढ्या उंच होतात आणि फळीवर उभं राहून त्यांच्यावर स्वार होणारी मंडळी जगभरातून येतात. गाव मात्र साधं. लाकडी दुकानं, रस्त्यावर खुशाल फिरणाऱ्या कोंबड्या. आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेची आठवण यावी असं.

सोबत बहिणीच्या शेजारच्या आजी होत्या. वय ऐंशीच्या घरात. मूळच्या जपानी घराण्यातल्या, पण जन्म हवाईचा. तिथे वडीलधाऱ्या बाईला सगळे 'आंटी' म्हणतात, ओळख असो वा नसो. आपण मावशी म्हणतो ना, तसंच. आंटींनी वाटेतच मला बजावलं, "शेव्हड आइस म्हणायचं नाही, शेव्ह आइस." मळ्यांवर वेगवेगळ्या देशांचे मजूर एकत्र आले, त्यांची एक मोडकीतोडकी इंग्रजी तयार झाली. त्या बोलीतून हा शब्द आला, आणि लोकांनी अभिमानानं तसाच ठेवला. हवाई नावाच्या मोठ्या बेटावरच्या हिलो गावात तर उलटं, 'आइस शेव्ह' म्हणतात.

आम्ही गेलो ते मात्सुमोतो यांचं दुकान. १९५१ सालचं. बाहेर रांग, आत काउंटर, बाजूला बाकडी. काउंटरमागे यंत्रात बर्फाची लादी गरगर फिरत होती आणि खालच्या पात्यावरून भुरभुर कीस पडत होता. कीस कसला, सायच ती! हातातल्या कागदी कोनात तो अलगद झेलायचा, गोल आकार द्यायचा. आपल्यासारखा दाबून घट्ट करायचा नाही. बर्फ इतका बारीक असतो की सरबत खाली ओघळून न जाता त्यातच मुरतं. फ्रीजरमधून काढलेली लादी लगेच यंत्रावर लावायची नाही, जरा घाम फुटू द्यायचा, म्हणजे कीस मऊ पडतो, हे गुपित आंटींनी सांगितलं. अमेरिकेत इतर ठिकाणी 'स्नो कोन' मिळतो तो बर्फाचा चुरा असतो. त्याचं नाव काढलं की इथले लोक नाक मुरडतात.

आणि स्वाद तरी किती! स्ट्रॉबेरी, लिंबू, अननस हे तीन रंग एकत्र असले की तो 'रेनबो'. लिलिकोई म्हणजे आंबटगोड पॅशनफ्रूट. पेरू, नारळ, आंबा आहेतच. सगळ्यात गंमत वाटली ती ली हिंग मुईची. वाळवलेल्या, खारवलेल्या आलुबुखारची आंबटगोड पूड. चिनी मजुरांसोबत ही चव इथे आली. जिभेवर ठेवली आणि मी ओरडलेच, "अगं, हे तर बोरकूट!" ज्याला हवं त्याला बर्फाच्या खाली व्हॅनिला आइस्क्रीम, नाहीतर गोड शिजवलेले अझुकीचे दाणे मिळतात. लाल चवळीसारखे हे दाणे खाताना मला थेट पुरणाची आठवण झाली. वरून घट्ट गोड दुधाची धार घातली की झाली 'स्नो कॅप'.

बाकड्यावर आमच्या शेजारी तिघी-चौघी म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. कुणाची जीभ निळी, कुणाचे ओठ लाल. एकमेकींना जीभ दाखवून हसत होत्या. मला आईची आठवण आली. मन भरून आलं खरं, पण तेवढ्यात बर्फ वितळायला लागला, म्हणून मी आधी तो संपवला.

खाता खाता आंटी सांगत होत्या. बर्फ किसून खाण्याची ही आवड जपानची. तिथे त्याला काकिगोरी म्हणतात. हजार वर्षांपूर्वी जपानच्या राजदरबारात सेई शोनागोन नावाची बाई होती. तिनं 'माकुरा नो सोशी' या आपल्या पुस्तकात मनाला भावणाऱ्या नाजूक गोष्टींची यादी दिली आहे. त्यात नव्या धातूच्या वाटीतला, वेलीचा गोड रस घातलेला किसलेला बर्फ आहे. तेव्हा ती चैन राजवाड्यातल्यांचीच. मग हा बर्फ हवाईच्या गावात कसा पोचला?

"उसामुळे," आंटी म्हणाल्या.

मी चमकलेच. उसाचं नाव निघालं की आमच्या भागातल्या बाईचे कान टवकारतात.

हवाईत १८३५ पासून मोठ्या प्रमाणावर ऊस लावला गेला. तोडायला माणसं हवीत, म्हणून १८५२ पासून चिनी मजूर आणले, मग पोर्तुगीज, १८८५ पासून जपानी, पुढे कोरियन, फिलिपिनो. जपानी मजूर आले ते तीन वर्षांच्या करारावर. पुरुषाला महिन्याला ९ डॉलर आणि बाईला ६, जेवणाखाणाचे पैसे वेगळे. तेही बाईला कमीच! पुढे फोटो पाहून लग्नं ठरू लागली आणि नवऱ्याचं तोंडही न पाहिलेल्या मुली बोटीत बसून आल्या. आंटींची आजी त्यांतलीच एक. उतरली आणि शेतात गेली. बायकांचं मुख्य काम 'होले होले', म्हणजे उसाची वाळलेली पानं सोलून काढणं.

"पाचट!" मी म्हणाले.

"तुमच्याकडे त्याला शब्द आहे?" आंटींना नवल वाटलं.

मी म्हटलं, शब्द आहे, आणि ते काढताना हाताला पडणाऱ्या चिराही आहेत. त्यांनी सांगितलं, पाचट काढता काढता बायका गाणी म्हणायच्या. त्यांना 'होले होले बुशी' म्हणतात. नवऱ्याचं दारूपिणं, मुकादमाचा जाच, आईची आठवण, सगळं त्यात. मला आमच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. सासरचं गाऱ्हाणं जात्याला सांगायचं, तसं त्यांनी ते उसाला सांगितलं.

या मजुरांच्या वस्त्यांमध्येच छोटी छोटी किराणा दुकानं निघाली आणि त्या दुकानांत दिवसभर उन्हात राबून आलेल्यांसाठी गोड बर्फ मिळू लागला. मात्सुमोतोंचं दुकानही आधी किराण्याचंच. मामोरू आणि हेलन हे नवराबायको. सुरुवातीला मामोरू सायकलवरून घरोघरी जाऊन मालाच्या ऑर्डरी घ्यायचे आणि हेलनबाई दुकान सांभाळायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लोकांचे कपडे शिवून द्यायच्या. शेव्ह आइस नंतर आला. १९७६ साली त्यांच्या मुलानं दुकान हाती घेतलं आणि आता तर जगभरातले प्रवासी या दारात रांग लावतात. जवळच्या वाइआलुआचा साखर कारखाना मात्र १९९६ साली बंद पडला. माउई बेटावरचा शेवटचा मोठा कारखानाही २०१६ च्या अखेरीस थांबला. ऊस गेला आणि बर्फ राहिला.

आंटी सहज बोलत होत्या. पण माझ्या घशाखाली पुढचा घास उतरेना. कारण मला आमच्या गटातली एक बाई दिसत होती.

मैत्रिणींनो, तिचं नाव मी लिहीत नाही. वय बत्तीस-तेहतीस. लग्न झाल्यापासून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या फडात पालावर राहायचं. थोरली मुलगी सातवीत. धाकट्या भावाला सांभाळायला तीही सोबत जायची, म्हणजे शाळा दिवाळीला सुटली की सुटलीच. त्यातून नवऱ्याच्या कमरेत चमक भरलेली.

२०२३ च्या सप्टेंबरात ही बाई माझ्याकडे आली होती. म्हणाली, "ताई, गटातून पंधरा हजार द्या. हातगाडी टाकते चौकात. हिवाळ्यात भजी, उन्हाळ्यात बर्फाचा गोळा. यंदा उचल घ्यायची न्हाई मला. पोरीची शाळा बुडती."

सगळा विचार तिनं केला होता. आणि मी काय म्हणाले? "अगं, चौकात, टवाळ पोरांमध्ये बाईमाणूस गोळा विकत उभी राहणार? बरं दिसतं का ते? त्यापेक्षा पापड-कुरडया कर, घरी बसून."

"पापड समद्याच करत्यात, ताई," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही.

गटात निर्णय बायकांनी घ्यायचा असतो, पण माझा शब्द जड पडतो हे मला ठाऊक होतं. कर्ज मिळालं नाही. नवऱ्यानं उचल घेतली. दिवाळी झाली आणि ती लेकरांसकट ट्रॅक्टरमध्ये बसून गेली. म्हणजे मी समुद्रकाठी बाकड्यावर बसून तिरंगी बर्फ खात होते, तेव्हा ती कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत होती.

पंधरा वर्षं मी बायकांच्या हिमतीवर भाषणं दिली. आठ मार्चला हार-तुरे घेतले. आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं? आईचं वाक्य! बाईच्या जातीनं रस्त्यात उभं राहायचं नाही. लहानपणी ज्या नियमानं माझा गोळा वितळला, तोच मी दुसरीला लावला.

बहिणीला हे सांगितलं. ती पोटावर हात ठेवून गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, आईला तरी दुसरं काय माहीत होतं? तुला माहीत होतं."

लागलं मला. पण खरं होतं.

पुढच्या आठवड्यात आंटी मला वाइपाहू गावाला घेऊन गेल्या. तिथे मळ्यावरच्या मजुरांची घरं जशीच्या तशी उभी करून ठेवली आहेत. एकेका खोलीत एकेक देशाचा संसार. चूल, धुण्याचा दगड, पोराचा पाळणा. मजुरांना नावानं ओळखत नसत. प्रत्येकाला नंबर कोरलेला धातूचा बिल्ला असायचा, त्याला 'बांगो' म्हणत. आपल्याकडे माणसाचा कोयता होतो, तिथे नंबर झाला. १९२० साली ओआहूवर जपानी आणि फिलिपिनो मजुरांनी मिळून मोठा संप केला. पुरुषाची रोजची मजुरी ७७ सेंट होती, ती सव्वा डॉलर करा, ही मागणी होती, आणि बाळंतपणासाठी भरपगारी रजा द्या, हीसुद्धा! संपकऱ्यांना पोराबाळांसह घराबाहेर काढलं, सहा महिन्यांनी संप मोडला. पण नंतर मालकांना मजुरी वाढवावी लागली. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या बाळंतपणाच्या रजेपाशी मी बराच वेळ थांबले. आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं २०१९ साली देशभर गाजली. पाळी आली म्हणून खाडा पडायला नको, म्हणून पिशवीच काढून टाकायची! त्या बायकांना रजा म्हणजे काय ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

जानेवारीत भाची झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. सव्वा महिना शेक-शेगडी, न्हाऊ-माखू करून मी फेब्रुवारीअखेर परतले. मार्चच्या शेवटी तोडणीवाले गावात आले. मी तिच्या घरी गेले. ती दारात भांडी घासत होती. हात बघवत नव्हते.

मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं. तुझी गाडी तेव्हाच व्हायला हवी होती."

ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्या हवाईत गोळा चांगला व्हता वाटतं?" आणि पदर तोंडाला लावून हसली. एवढ्यावर तिनं मला माफ केलं की नाही, कोण जाणे. मीही विचारलं नाही.

गटाची बैठक घेतली, माझी चूक सगळ्यांसमोर सांगितली, कर्ज मंजूर झालं. जुनी हातगाडी, हातानं फिरवायचं गोळ्याचं यंत्र, दोन थर्माकोलच्या पेट्या. बर्फाचं मी मनावर घेतलं. मासळी आणि माल थंड ठेवायचा बर्फ खाण्याचा नसतो. २०१८ पासून आपल्या राज्यात अशा अखाद्य बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आहे, म्हणून पांढरा, पिण्याच्या पाण्याचाच बर्फ घ्यायचा. बिल मागायचं. अन्न विभागाकडे नोंदणी करायची. रंगाच्या बाटल्या घ्यायच्या नाहीत. कैरी, चिंच-गूळ, कवठ आणि मिळालं तर जांभूळ यांची सरबतं तिनं स्वतः उकळली. वरून बोरकूट भुरभुरायची युक्ती मी सांगितली, हवाईची म्हणून. ती म्हणाली, "ह्येला हवाई कशाला? आमी ल्हानपणी असंच खायचो की!"

गुढीपाडव्याला गाडी लागली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम चौकात गेले आणि उभी राहून गोळा खाल्ला. ओळखीचे दोन-चार सद्गृहस्थ बघून पुढे गेले. एकानं विचारलं, "काय वहिनी, इथे?" मी म्हटलं, "हो, या ना, काला खट्टा सांगू का?" माझ्यामागे शाळेतल्या दोन बाई आल्या, मग आमच्या गटातल्या. टवाळ पोरंही आली. त्यांनी पैसे देऊन गोळे खाल्ले, दुसरं काही केलं नाही.

सगळंच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. मध्ये अवकाळी पावसानं आठवडाभर धंदा बसला. एकदा यंत्राचं पातं तुटलं. नवरा महिनाभर तोंड फुगवून होता, मग हळूहळू लादी उचलून द्यायला येऊ लागला. कर्जाचे हप्ते मागेपुढे झाले. पण जूनमध्ये पोरगी आठवीत गेली. पावसाळ्यात गाडीवर भजी आणि चहा सुरू झाला. २०२४ च्या दिवाळीआधी मुकादम दारात आला तेव्हा ती म्हणाली, "यंदा आमचा कोयता न्हाई." पुढच्या वर्षाचं ती काही बोलत नाही. मीही विचारत नाही.

एकदा दुपारी तिच्या घरी सरबताचा पाक चालला होता. पिशवीतली साखर पातेल्यात ओतता ओतता ती थांबली. मूठभर साखर तळहातावर घेऊन म्हणाली, "ताई, ही म्याच तोडलेल्या उसाची असंल का हो?"

मी म्हटलं, "असेलही."

"मंग गोड लागंल," ती म्हणाली आणि साखर पातेल्यात सोडली.

बहिणीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मे महिन्यात आम्ही येतोय. माझ्या लेकीला गाडीवरच नेऊ. उभ्या उभ्या खाईल."